‘न्हाई’ न म्हणायचा नेम

त्या वर्षी माझा नेम चुकला असं कुणी म्हटलं, तर मला अजून राग येतो. नेम अगदी बरोबर लागला, म्हणून तर सगळं बिघडलं.

औंढ्याहून लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत जाणारी मी एकटीच. जूनमध्ये पाचवीच्या वर्गात जाऊन बसले तर बाई नव्या, पुण्याच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘माझा यंदाचा नेम’, आणि प्रत्येकीनं वहीच्या पहिल्या पानावर आपापला नेम लिहा म्हणाल्या. आमच्याकडे नेम म्हणजे सोमवारचा उपास, नाहीतर चिंचा पाडायला दगड उचलल्यावर धरतात तो. मी उभी राहिले आणि विचारलं, ‘बाई, उपास न्हाई केला तर चालंल का?’

रेल्वेतल्या बाबूंच्या मुली आणि बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या मुली पोट धरून हसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, ‘न्हाईबाई.’ झालं, ते नाव मला चिकटलं. बाई मात्र हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मनातल्या मनात त्यांना चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. त्या जवळ आल्या, माझी वही घेतली आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं, ‘यंदा मी न्हाई म्हणणार नाही.’

‘शब्द ओठावर आला की थांबायचं,’ त्या म्हणाल्या. ‘मनात नीट लावायचा, मग तोंड उघडायचं. एवढं जमलं तर तू सातवी पास होशील आणि माझ्यासारखी शिकवायलाही लागशील.’

मी शिकवायला! आमच्या गावात शिकलेली बाई म्हणजे देवीच्या अंगाऱ्याच्या पुडीवरची दोन अक्षरं वाचणारी. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. मास्तरीण व्हायचं, हातात छत्री घेऊन रस्त्यानं चालायचं, आणि त्या न्हाईबाई म्हणणारणींच्या पोरींना बाकावर उभं करायचं. सगळं त्या एका शब्दावर अडलेलं होतं.

मग सुरू झाली माझी कसरत. चुकून ‘न्हाई’ निघालं की एक चिंचोका गाडग्यात टाकायचा. पहिल्या महिन्यात गाडगं भरलं. घरात तर छळच. आई चुलीपाशी, धूर डोळ्यांत गेलेला, आणि विचारायची, ‘मीठ हाय का गं मडक्यात?’ मी मडक्यात बघायची, थांबायची, मनात शब्द लावायची. तोवर आई भडकायची. ‘दातखिळी बसली का? व्हय म्हन न्हाईतर न्हाई म्हन.’

‘नाही,’ मी म्हणायची.

‘ही कुनाची भाषा बोलतीस गं? सासरी अशी बोललीस तर दुसऱ्या दिशी म्हागारी धाडतील.’

शाळेतही धड नव्हतं. गिळलेले सगळे ‘ह’ भरून काढायच्या नादात मी नको तिथंही ते पेरायला लागले. शाळा तपासणारे दिपोटीसाहेब आले, त्यांनी विचारलं, ‘बाळ, गाव कुठलं?’ मी थांबले, शब्द लावला आणि छाती काढून म्हणाले, ‘हौंढे.’ साहेबांनी बाईंना विचारलं, हे गाव नकाशात कुठं आहे. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर, आणि मधे मी जिभेला गाठी मारत बसलेली. पण मीही हट्टाला पेटले होते. दिवाळी झाली, भात घरात आलं, आणि माझं गाडगं रिकामं राहायला लागलं. ‘न्हाई’ ओठापर्यंत यायचं आणि आपोआप परत जायचं.

मार्गशीर्षात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं. ते ठरवायला आलेले पाहुणे समोर बसलेले असताना आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, तिला विचारलं होतं, ‘पसंत हाय का गं?’ ती खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. आबा म्हणाले, ‘गप हाय, म्हंजे कबूल हाय,’ आणि लगेच गूळ वाटला. आमच्यात पोरीचा होकार असाच घेतात. मीही त्यातला गूळ खाल्ला.

बहीण गेली आणि तिच्या दोन म्हशी माझ्या गळ्यात पडल्या. एक दिवस शाळा बुडली, मग आठवडा, मग महिना. मी आईशी भांडले, जेवले नाही, काही उपयोग झाला नाही. शेवटी पौषात एका दुपारी बाई स्वतः औंढ्याला आल्या. चालत. चपला हातात, पाय धुळीनं माखलेले. त्यांना बघून मला इतका आनंद झाला की मी शेणाचे हात तसेच परकराला पुसले.

आबांनी घोंगडी अंथरली. आईनं गुळाचा चहा केला. बाई खूप बोलल्या. पोरगी हुशार आहे, अजून दोनच वर्षं, पुढं चार पैसे घरात येतील. आबा ऐकून घेत होते. आबा वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायलाच हवं. ते म्हणाले, ‘बाई, तुमी एवढ्या लांबनं आलायसा. आमी जबरदस्ती करनार न्हाई. तिलाच इचारू.’ आणि माझ्याकडे वळले. ‘काय गं, शाळा सोडून घरी ऱ्हायला कबूल हाईस का?’

‘न्हाई!’ छातीतून उसळून आलं. ओठापर्यंत आलं. आणि समोर बाई बसलेल्या. चहाची बशी हातात, नजर माझ्यावर. मी थांबले. मनात शब्द लावायला लागले. ना की न्हा? सहा महिन्यांत शंभरदा जमलेलं त्या घटकेला जमेना. माझी मान खाली गेली.

‘बगा,’ आबा हळूच म्हणाले. ‘गप हाय, म्हंजे कबूल हाय.’

मी तोंड उघडलं तोवर ते उठले होते. पाहुण्यांसमोर एकदा बोललेला शब्द आबा मागे घेत नसत. आई म्हशीला वैरण टाकायला गेली. झालं. एवढ्यात सगळं झालं. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं तेच मी केलं. मी न्हाई म्हटलं नाही.

बाईंना वेशीपर्यंत सोडायला मी गेले. माझ्या अंगाची नुसती आग होत होती. त्यांच्यावर, आबांवर, सगळ्यांत जास्त माझ्या जिभेवर. बाई थांबल्या. त्यांचाही आवाज चढला होता. ‘अगं, मी एवढी चालत आले. बोलली का नाहीस? तुला खरंच सोडायची होती का शाळा?’

‘न्हाई,’ मी म्हणाले.

‘न्हाई नव्हे,’ बाई सवयीनं म्हणाल्या, ‘ना...’

पुढचं अक्षर त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तशाच लोणावळ्याच्या वाटेला लागल्या. मी घरी आले आणि म्हशी सोडल्या.