मेंढरांचं मीठ

नातीनं डोळे फिरवले तेव्हा मी औंढ्याला नागनाथाच्या मंडपात खांबाला टेकून बसले होते. आठ महिन्यांची पोर. टाळू खोल गेलेली, ओठ सुकलेले, रडायला गेली तरी आवाज फुटत नव्हता. सून शेजारी डोळे पुसत होती. मी देवाला म्हणत होते, न्यायची असंल तर इथून ने, रानातून नको.

दोन दिवस तिला हगवण लागली होती. आम्ही मेंढरंवाले. कोकराला हगवण लागली की आम्ही त्याला आईपासून तोडून बांधतो. दूध नाही, पाणी नाही, पोट कोरडं पडू द्यायचं. नातीलाही मी तेच केलं. सून तिला पदराखाली घ्यायला बघायची, मी ओढून घ्यायचे. वाडीजवळच्या आरोग्य उपकेंद्राला कुलूप होतं. औंढ्यातला डॉक्टर म्हणाला, सलाईन लागेल, परभणीला न्या. तेवढे पैसे जवळ नव्हते. मुलगा कळप घेऊन लांब गेलेला. मग देवळात आले.

भर दुपार होती. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं आणि आत दगड गार. माझ्याही पोटात दोन दिवस काही नव्हतं. गाभारा जमिनीखाली, तिथला मंत्र विहिरीतून यावा तसा येत होता. येताना भिंतीवर पाहिलेले दगडी हत्ती हळूहळू चालायला लागले. त्यांच्या मागं आमची मेंढरं, पाय न वाजवता. मेंढरांच्या मागं दोन लहान पोरं. मी त्यांना ओळखलं, पण हाक मारली नाही.

तेवढ्यात कुणीतरी नातीच्या पोटाची कातडी चिमटीत धरली. चिमटीतून सुटल्यावरही ती तशीच उभी राहिली.

"पाणी कवा पाजलं?" हातात पूजेचं ताट घेतलेली एक बाई विचारत होती.

"पाजलं न्हाई. हगवण हाय. कोकराला बी आमी देत न्हाई."

"काहून? मेंढरू हाय का हे?"

बाईनं सुनेला सांगितलं, "आधी अंगावर घे गं." पण पोरीत ओढायचं बळ नव्हतं. मग बाईनं तांब्यात रांजणातलं पाणी घेतलं. माझ्या हातातली साखरेची पुडी तिनं मागितली.

"ती देवाची हाय," मी म्हटलं.

"मंग देवालाच पाजू. मीठ हाय का?"

मीठ माझ्या पदराच्या गाठीत होतं. ते चाटायच्या ओढीनं मेंढरं हाताला लागावीत म्हणून आम्ही ते कायम बाळगतो. त्यातलं तीन बोटांच्या चिमटीएवढं तिनं चुरून टाकलं, मूठभर साखर टाकली, ढवळलं. म्हणाली, "चाखून बघा. डोळ्यातल्या पाण्यापरीस खारट लागू नये."

मला ती चव आठवेना. सुनेनं चाखलं. "बराबर हाय," ती म्हणाली. दोन दिवस ती तेच गिळत होती.

बाई पूजेच्या पळीनं पाजत राहिली. एक पळी, थांबायचं, मग दुसरी. ओकली तर पुन्हा पहिल्यापासून. घंटा वाजत होत्या, माणसं येऊन जात होती, खांबाची सावली लांब होत होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. उन्हं कलल्यावर नातीनं माझ्या मांडीवर लघवी केली, सकाळपासून पहिल्यांदाच.

"घ्या आजी, तुमचं तीर्थ," बाई हसली. पोर तोंड वासून आईकडं वळली. सुनेनं तिला माझ्या हातातून घेतलं आणि मी ओढलं नाही.

मान वर केली तर बाई ताट घेऊन रांगेतून खाली गाभाऱ्यात उतरली होती. वर आलेली मला दिसली नाही. वाडीत बायका म्हणाल्या, देवच आला. मला ती कुठल्या तरी दवाखान्यातली बाई वाटते. तिला त्याच दिवशी दर्शनाला यावंसं वाटलं, एवढं मला पुरे. देवासमोर हात जोडायचे म्हणजे 'मला ठाऊक आहे' हा हट्टही खाली ठेवायचा, हे मला उतारवयात कळलं. औषध माझ्याच पदरात बांधलेलं होतं. मी ते मेंढरांना चारत होते. पुढं शेताला खत म्हणून मेंढरं बसवायला ज्या ज्या शिवारात गेले, तिथल्या बायकांना ते पाणी करून दाखवलं.

मंडपात दिसलेली ती दोन पोरं माझीच. दोघंही हगवणीनं गेली. त्यांनाही मी पाणी दिलं नव्हतं.

नात जगली.