रक्त दिलं, पत्ता नाही दिला

मंडळी, आज सकाळी लालबागला आमच्या चाळीत तपासणीवाली पोरगी आली. माझं रक्त काढून म्हणते, "आजी, रक्तातल्या घटकांचा स्मरणशक्तीशी काही संबंध आहे का, ते बघतोय."

मला संशयच आला. आठवणी डोक्यात, आणि सुई दंडात?

मग म्हणाली, लहानपणचं सांगा. सांगितलं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, मी दहा वर्षांची, शेजारचे काका पोलिसांपासून लपलेले, त्यांचा डबा मीच न्यायचे. काकींनी शपथ घातलेली, जागा कुणाला सांगायची नाही.

"कुठे लपले होते?"

"ते राहू दे गं, चहा घेतेस?"

तिनं कागदावर लिहिलं, 'आठवत नाही'.

लिहू दे. काका-काकी गेले, तरी शपथ मी मोडली नाही, म्हणून आज फार खूश आहे. तुम्ही सांगितलं असतं का?