सुपातले बिल्ले

लीलाताईंच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा मी संपादकांना म्हटलं, "अहो, मी जन्मभर त्यांच्या विरोधी पक्षाचं काम केलंय. चालेल का?" ते म्हणाले, "म्हणूनच तर तुमच्याकडे आलोय." नकार द्यायला मग जागाच उरली नाही.

परळ सोडून आम्ही भाईंदरला, नवघरात राहायला आलो आणि त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत पक्षानं मला शाळेबाहेरच्या टेबलावर बसवलं. यादीत मतदाराचं नाव शोधायचं, चिठ्ठी लिहायची आणि कुठल्या खोलीत जायचं ते सांगायचं, एवढंच काम. समोरच्या टेबलावर लीलाताई होत्या. घरी शिकवण्या घेत असल्यामुळे निम्मं नवघर त्यांना ओळखत होतं. जेवायची वेळ झाली तशा त्या सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "बिल्ला काढा आणि आमच्या ओटीवर जेवायला जा. तोवर तुमचं टेबल मी सांभाळते."

मी गडबडलो. विरोधी पक्षाच्या बाईंच्या हातात आपली यादी द्यायची? शेजारी बसलेले आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते हसत म्हणाले, "बिनधास्त जा रे. तिथे विष मिळत नाही, वालाची उसळ मिळते."

नवघरातली ही जुनी रीत मला अशी कळली. मतदानाच्या दिवशी ताईंच्या उंबऱ्याशी एक सूप ठेवलेलं असे. सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनी बिल्ले काढून त्यात टाकायचे आणि एका पंगतीला बसायचं. एका टेबलाची माणसं जेवत असताना ते टेबल समोरच्यांनी चालवायचं. उठताना जो तो आपला बिल्ला उचली. एकदा वादाच्या भरात मी चुकून ताईंच्याच पक्षाचा बिल्ला लावून परत आलो आणि आमचे हक्काचे मतदार माझ्या तोंडाकडे बघत दुसरीकडे निघाले. ती चूक मला ताईंनीच दाखवली, तीही पोटभर हसून झाल्यावर!

एका निवडणुकीत आमचा उमेदवार अगदी थोडक्यात निवडून आला. त्या दुपारी आमच्या टेबलावर ताई बसल्या होत्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, पण त्यांच्या पक्षातली माणसं उखडली. "आपल्याच हातानं हरवलंत," असं एकानं तोंडावर सुनावलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "मतं त्यांचीच होती. मी फक्त खोली दाखवली."

माझी पत्नी इस्पितळात होती तेव्हा ताई रोज डबा घेऊन येत. डबा उघडता उघडता आमच्या नेत्यांना चार शब्द ऐकवायच्या, आणि आजारी पत्नी आमची बाजू घ्यायला उठून बसायची. डॉक्टरांच्या औषधाइतकाच त्या भांडणाचा गुण आला, असं मी आजही मानतो.

पुढे दिवस पालटले. पक्ष फुटले, त्यांचे तुकडे झाले आणि काल एका ताटात जेवलेले आज जिन्यात समोरासमोर आले तरी मान फिरवू लागले. कोण कोणाला विकला गेला, हाच केबिन रोडवरच्या प्रत्येक दुकानातला विषय. मला याचं फार वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं लपवावं असंही वाटत नाही. परवाच्या महापालिका निवडणुकीआधी ताईंचा आमच्या टेबलावरचा जुना फोटो कोणीतरी मोबाइलवर फिरवला. खाली लिहिलं होतं, "ह्या घरभेद्यांना ओळखा." त्यांच्याच पक्षानं त्यांना कळवलं की यंदा टेबलावर बसू नका. ताई म्हणाल्या, "टेबल तुमचं, ठेवा तुमच्याकडे. ओटी माझी आहे."

मतदानाच्या दिवशी ओटीवर उसळीचं पातेलं होतं, उंबऱ्याशी सूप होतं आणि सूप रिकामं होतं. दुपार झाली तरी एकही टेबल उठेना. मग ताई स्वतःच काठी टेकत आल्या, सगळ्यांच्या मोबाइलसमोरून, थेट आमच्या टेबलाशी. माझ्या शेजारी नेहा बसली होती, आमची नवी कार्यकर्ती. ताई तिला म्हणाल्या, "बाळ, जेवून ये. मी बसते."

नेहा माझ्या कानाशी कुजबुजली, "काका, रिस्क आहे. ही लोकं आपल्या वोटर्सना काहीपण सांगतील."

"मी सांगतोय ना, जा," मी म्हणालो.

तिनं यादी ताईंच्या हाती दिली खरी, पण जीव तिचा त्या यादीतच अडकला होता. चार घास पोटात ढकलून ती धावत परत आली. मोरव्याहून नवघरात लेकीकडे राहायला आलेल्या आमच्या एक म्हाताऱ्या मतदार तेवढ्यात मत देऊन बाहेर पडत होत्या. नेहानं त्यांना गाठलं. "आजी, त्या बाई काय बोलल्या तुम्हाला?"

"काय न्हाय बोलली गो," आजी म्हणाल्या. "खोली दाखवली. पायरीवर हात धरला."

मग नेहा समोरच्या टेबलाकडे, ताईंच्या पक्षाच्या मुलांकडे गेली. "तुम्ही जेवलात? जा ना, मी बसते." ती पोरं आधी एकमेकांकडे आणि मग ताईंकडे बघत राहिली. शेवटी एकानं बिल्ला काढला. संध्याकाळी ताईंनी मला पातेलं दाखवलं. तळ दिसत होता.

ताई, आपण नवघरच्या आहात याचा आम्हा विरोधकांना फार अभिमान आहे. आपला पक्ष पुढच्या निवडणुकीत सपाटून हरावा, ही माझी इच्छा कायम आहे. फक्त त्या दिवशी, त्याच्या पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या निवडणुकीच्या दिवशी, आमच्या टेबलावर आपणच बसलेल्या असाव्यात, एवढं निरोगी आयुष्य आपल्याला लाभो. यादी आपल्या हातात असली की आम्ही निवांत जेवतो.