नाव नको, हाक विचारा

वाडवडिलांचा इतिहास गोळा करायला बसलं की वाडवडील राहतात बाजूला आणि गोळा करणाऱ्यांचेच किस्से जमत जातात. आमचं तसंच झालंय. महिन्यातून एका रविवारी इंदिरानगरला देवधरकाकांच्या हॉलमध्ये आम्ही पाच-सहा मराठी डोकी जमतो. घरातल्या जुन्या माणसांना बोलतं करायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, वंशावळ काढायची, एवढाच कार्यक्रम. मी पुण्याची, नोकरी व्हाइटफील्डला, त्यामुळे कायम उशिरा पोचणारी. पण रविवार चुकवत नाही. इतकं फुकटचं हसू या शहरात दुसरीकडे कुठं मिळणार!

*

देवधरकाका सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर. त्यांनी वंशावळ काढली ती थेट मशीनच्या ड्रॉइंगसारखी. कोपऱ्यात रिव्हिजन नंबर, "ड्रॉन बाय", "चेक्ड बाय", सगळं साग्रसंगीत! पुरुषांच्या चौकटीत नाव, गाव, शिक्षण, हुद्दा. बायकांच्या चौकटीत एकच शब्द: पत्नी.

काकू चहा घेऊन आल्या. कागदावर वाकून बघितलं.

"यात मी कुठाय?"

"ही काय, माझ्या शेजारी!"

"ही पत्नी आहे. मी कुठाय?"

काकांनी घाईघाईने पेन काढून "माधवी" लिहिलं.

"ते तुम्ही लग्नात तांदळावर अंगठीने लिहिलेलं. तोपर्यंत मी कुसुम होते. तिला कुठं पाठवलीत?"

काका ड्रॉइंगमध्ये जागा शोधायला लागले. काकूंनी त्यांच्या हातातलं पेन घेतलं, "चेक्ड बाय"च्या पुढे ठसठशीत अक्षरात लिहिलं, "रिजेक्टेड. कुसुम." आणि वर विचारलं, "साखर पुरे ना?"

*

आमच्यात एक नलिनीअक्का आहेत. त्यांचं घराणं इथं शेकडो वर्षं. मराठी बोलतात, पण त्यात कन्नड असं मिसळलेलं की वेगळं काढता येत नाही. मी पहिल्याच भेटीत पुणेरी आगाऊपणा केला. "अक्का, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"मूळगीळ गोत्तिल्ला, ठाऊक नाही बाई. आम्ही इथलेच. तुझं काय, आलीस ती स्वल्प दिवस राहणार का कायमची?"

त्या दिवसापासून मी त्यांची भक्त!

पण काकूंनी ड्रॉइंग रिजेक्ट केलं त्या रविवारी सगळे हसत होते आणि अक्का मात्र त्या कागदाकडेच बघत होत्या. निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, "मला माझ्या आईचं नाव माहीत नाही गं."

मला वाटलं, मस्करी करतायत.

"लक्ष्मी माहितीय. ते सासूने ठेवलेलं. तिच्या आईने ठेवलेलं कुठलं? मी पाळण्यात असताना ती गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, मग घरात विषयच बंद. एकदा तिच्या नावानं तिला हाक मारावी वाटते बघ. या वयात काय हे वेड!"

वेड कसलं? मला तर रडूच आलं. अक्कांच्या आईच्या माहेरचं एकच माणूस उरलेलं, येलहंकाची शांतामावशी. आईची धाकटी बहीण. तिचीही आठवण आता येऊन-जाऊन असते. म्हणजे जे काय करायचं ते लवकर करायला हवं होतं.

*

त्या महिन्याचा होमवर्क मग तोच ठरला. आपापल्या आत्या-मावश्यांची खरी नावं आणा! सोपं वाटतं ना? करून बघा. मला आमच्या ठमाआत्याचं नाव येईना. बाबांना फोन केला. सख्खा भाऊ, तोही अडकला! शेवटी थेट आत्यालाच फोन लावला.

"आत्या, तुझं खरं नाव काय गं?"

पलीकडून एकदम करडा आवाज. "कोण बोलतंय? आवाज अनघासारखा काढलाय, पण मी ओटीपी देणार नाही!"

आणि फोन बंद. तिच्या चौकटीत अजून "ठमाआत्या"च आहे.

*

रेकॉर्डिंगचे आमचे नियम काकांचे. पंखा बंद, कुकर बंद, खिडकी बंद. काकांनी स्वतःच्या थोरल्या भावाला असं थंडीतही घामाघूम करून समोर बसवलं, छापील प्रश्नावली काढली. "प्रश्न पहिला. आपले बालपण कोठे गेले?"

भाऊ घाबरले. "कुणी तक्रार केलीय का?"

तासभर "आठवत नाही" एवढंच उत्तर. काकूंना ते बघवेना. थंडीचे दिवस, बाजारात अवऱ्याच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा आलेल्या. त्यांनी ढीगभर शेंगा मध्ये ओतल्या. "सोला दोघं. रेकॉर्डिंग नंतर करा."

शेंगा सोलता सोलता भाऊ असे सुटले की विहिरीतलं पोहणं, मास्तरांचा मार, चोरलेले पेरू, सगळं बाहेर! काकाही गोष्टीत रंगले. टोपली भरली तेव्हा त्यांना आठवलं, मोबाइल चालूच केला नव्हता!

तेव्हापासून नियम बदलला. आधी मोबाइल, मग शेंगा. प्रश्नावली कोनाड्यात.

*

येलहंकाला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मात्र काकांनी ती हळूच खिशातून आणलीच. मावशी अंगणात खुर्चीवर बसलेल्या. इवल्याशा, पण आवाज खणखणीत.

"आपल्या थोरल्या भगिनींचे नाव?"

"अक्का."

"ते तुम्ही म्हणत होता. खरं नाव?"

"अक्का म्हणजे अक्काच!"

"पण नाव काहीतरी असेल ना!"

मावशी चिडल्या. "थोरल्या बहिणीचं नाव घेतलं तर आमची आई थोबाडीत द्यायची. तुमच्यात घेतात का?"

नलिनीअक्का "सरी, सरी, जाऊ दे मावशी" म्हणाल्या. काकांनी प्रश्नावली तिथंच फाडली. मला त्यांचा पहिल्यांदाच खूप अभिमान वाटला.

*

आत्ता गेल्या महिन्यात परत गेलो. या वेळी काकू आणि त्यांची शेंगांची पिशवी पुढे, काका मागे. मावशी या वेळी अंगणात सतरंजीवर बसलेल्या. मोबाइल सुपाखाली लपवला. वरून एअर फोर्सचं विमान घरघरत गेलं की मावशी थांबायच्या, ते दूर गेलं की परत सोलायच्या. नलिनीअक्का पायरीवर, मावशींच्या पाठीमागे बसलेल्या. नाव विचारायचं नाही, असं ठरवूनच आल्या होत्या.

काकू शेंगांवरची नजर न काढता म्हणाल्या, "मावशी, लहानपणी तुम्ही दोघी बहिणी लांब खेळायला जात असाल ना? मग जेवायच्या वेळी आई हाक कशी मारायची हो?"

मावशींनी हातातली शेंग खाली ठेवली. पदर सावरला. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि गल्ली दणाणून सोडली.

"कावेरीऽऽ! ए कावेरीऽऽ! शांतूला घेऊन घरी ये गंऽऽ, पानं वाढलीत!"

शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. काकांनी चष्मा काढला.

पाठीमागच्या पायरीवरून नलिनीअक्का बारीक आवाजात म्हणाल्या, "आले गं!"

मावशींनी वळून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग स्वतःच्या शेजारची जागा हाताने झाडली.

"किती वेळ लावलास गं, अक्का!"