पाचव्या वायरीचं पोस्टकार्ड

गच्चीवर कुरडया घालून मी खाली आले, हात अजून चिकाचे होते आणि फोन वाजला. धुळ्याहून पुतण्या बोलत होता. ‘‘काकू, अक्का गेली.’’ मी विचारलं, ‘‘कुठं?’’ अडुसष्ट वर्षांची बाई मी, चार घरची मरणं पाहिलेली. पण अक्का गेली म्हणजे बाजारात गेली असेल, नाहीतर भडगावला माहेरी, यापलीकडं मला काही सुचलंच नाही. आता सहा आठवडे झाले. कुरडया वाळून डब्यात गेल्या. अक्काबद्दल लिही असं घरात सगळे म्हणतात, आणि मी लिहायला बसले की मला तिचे अखेरचे दिवस आठवत नाहीत, टीव्ही गेमचे रिमोट आठवतात. मोठ्या जावेचा स्मृतिलेख आणि त्यात रिमोट! पण खरं ते हेच आहे.

कुसुमअक्का माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन जळगावच्या घरात आले तेव्हा ती तिथं सात वर्षं मुरलेली होती. ती सातवी शिकलेली, भडगावकडच्या खेड्यातली, बोलणं सगळं अहिराणी. मी जळगावातली, बी.ए. झालेली, आणि ते बी.ए. मी तेव्हा अंगावर दागिन्यासारखं घालून फिरत असे. पहिल्याच आठवड्यात मी तिला शिकवायला गेले, ‘‘अक्का, ‘शे’ नाही म्हणायचं, ‘आहे’ म्हणायचं.’’ तिनं भाकरी उलटली, माझ्याकडं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘बरं शे.’’ मला वाटलं, बाईला समजलं नाही. तिला सगळं समजलं होतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

नव्वदीच्या मध्यावर कधीतरी दादांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मुंबईहून मुलांसाठी टीव्ही गेम आणला. एक पांढरं मशीन, त्यात खोचायच्या कॅसेटी आणि वायरीनं जोडलेले दोन रिमोट. संध्याकाळी मुलं खेळायची. पण दुपारी मुलं शाळेत, पुरुष कामावर, सासरे नाना आतल्या खोलीत घोरत… आणि टीव्ही रिकामा. पहिल्यांदा हात कुणी लावला? मी पुष्कळ वर्षं ‘अक्कानं’ असं सांगत आले. आता ती नाही, तेव्हा खरं सांगते, मी. रणगाड्यांचा गेम होता. दोघींनी मिळून एक विटांचा किल्ला सांभाळायचा, चारी बाजूंनी शत्रू. एक नंबरच्या रिमोटला गेम सुरू करायचं बटण असायचं, दोन नंबरला नसायचं. एक नंबर अर्थात माझ्याकडं, मी बी.ए. ना! मी शत्रूमागं धावायची आणि मरायची. अक्का किल्ल्यापाशी उभी राहून एकेकाला टिपायची. एकदा नाना अचानक बाहेर आले. अक्कानं पदराचं टोक टीव्हीच्या काचेवर फिरवत सांगितलं, ‘‘नाना, धूळ किती बसस हो याच्यावर!’’ नाना म्हणाले, ‘‘पुसा, पुसा,’’ आणि पाणी पिऊन परत गेले. रणगाडे मागं धडाडत होते.

पुढं दादांनी धुळ्याला मोटारपंपांच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं आणि घराची वाटणी करायचं ठरलं. नानांचा न्याय काटेकोर. त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूची नगावर यादी केली आणि दोन वाटे मांडले. त्यांच्या लेखी टीव्ही गेम ही एक वस्तू नव्हती. ‘मशीन, नग एक. रिमोट, नग दोन. कॅसेट, नग चार.’ मशीन आमच्या वाट्यात आलं. रिमोट आणि कॅसेटी धुळ्याच्या. अर्धवट यंत्र दोन्ही घरांना सारखंच निरुपयोगी, म्हणजे वाटणी तशी अगदी समसमान! कुणीतरी तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांत निस्तरलं असतं. पण तोंड उघडायची सोय उरली नव्हती, कारण मी आदल्या दिवशी फार उघडलं होतं. सासूबाईंचं मांडे भाजायचं मातीचं खापर होतं. पुरणाचे मांडे अक्काच्या हातचे खावेत. ती हातावर मांडा असा फिरवायची की बघत राहावं. मला मांडे येत नव्हते, आजही येत नाहीत. तरी मी हटून बसले की खापर मला हवं, आणि वर बोलले, ‘‘तुम्हाला धुळ्यात मिळेल की दुसरं, खेड्यातल्या बायकांना कशावरही भाजायची सवय असते.’’ अक्का खापर माझ्यापुढं ठेवून निघून गेली. दोन महिन्यांत ते माझ्याच हातून फुटलं. त्यानंतर वर्षभर जळगाव आणि धुळ्यामध्ये पुरुषांची ये-जा होती, मुलांची होती, आम्हां दोघींची नव्हती.

दुपारी मशीन कपाटावरून माझ्याकडं बघायचं. कॅसेटी भाड्यानं मिळत होत्या, प्रश्न फक्त रिमोटचा. मनात म्हटलं, धुळ्याकडं हात कशाला पसरायचे, बाजारात मिळेल. दुकानात गेले तर तो म्हणाला, कोणत्या मापाचा? मापाचा! बांगडीचं ठाऊक होतं, रिमोटला माप असतं हे नवीनच. घरी येऊन मी विचार केला, आणि घट्ट कणीक मळून गोळा मशीनच्या खाचेवर दाबला. छान ठसा उठला, वर पाच टोकं, खाली चार. तो गोळा स्टीलच्या डबीत घालून मी दुकानात नेला. दुकानदारानं डबी उघडली, वास घेतला आणि म्हणाला, ‘‘वहिनी, हे खायचं की काय करायचं?’’ पण ठशावरून त्यानं बरोब्बर नऊ भोकांचा रिमोट काढून दिला. मी विजयी मुद्रेनं घरी आले. लावला. पडद्यावरचा रणगाडा मी बटण न दाबताच उजवीकडं धावत सुटला आणि भिंतीला थडकत राहिला… थडकतच राहिला. बदलून दुसरा आणला, तोही खाचेत चपखल बसला. तर मशीनचा लाल दिवाच विझला. मी घाबरून रिमोट उपटला, तसा परत लागला.

इथून मला खरा चाळा लागला. जे इतकं नीट बसतं ते चालत का नाही? आमचे हे म्हणाले, ‘‘दादाला फोन करू का? खरे रिमोट तिकडंच आहेत.’’ मी म्हटलं, ‘‘मुळीच नाही.’’ आणि मशीन घेऊन टीव्ही दुरुस्त करणाऱ्या रफिकभाईंकडं गेले. त्यांनी माझ्या नव्या रिमोटचे स्क्रू काढून मला आतलं दाखवलं. ‘‘भाभी, भोकं नऊ दिसतात, पण आत कामाच्या वायरी पाचच. कुठली वायर कुठल्या भोकात न्यायची, हे ज्याच्या त्याच्या कारखान्याचं. बाहेरून सगळे भाऊ-भाऊ, आतून प्रत्येकाचं वेगळं.’’ मग यातल्या वायरी बदलून द्या, मी म्हटलं. ते म्हणाले, ‘‘देतो. पण करंटच्या दोन वायरी चुकल्या तर मशीन गेलं. जुना रिमोट बघायला मिळाला तर पाच मिनिटांचं काम.’’

जुना रिमोट धुळ्याला. मी आठ दिवस फणफणले आणि मग एक पोस्टकार्ड लिहिलं. अंतर्देशीय पत्र नाही, पोस्टकार्ड. म्हणजे त्यात आपलेपणा आहे असा कुणाचा गैरसमज नको. ‘ती. अक्कांस सा. न. रिमोटमधील पाच वायरी कोणकोणत्या भोकांत जातात ते कळवावे.’ बस्स. वर्षभरानंतरचं माझं पहिलं बोलणं हे असं!

उत्तर आलं. रांगोळीला काढतात तसे ठिपके, वर पाच, खाली चार. त्यातल्या एकाला गोल. शेजारी लिहिलेलं, ‘लाल. आठे बठ्ठं ठीक शे.’ म्हणजे इथं सगळं ठीक आहे. एकच वायर! मला वाटलं, सातवी शिकलेली बाई, तिला प्रश्नच कळला नसेल. मी पुन्हा लिहिलं, ‘उरलेल्या चार कळवाव्यात.’ दहा दिवसांनी, ‘काळी. तुझी कंबर कशी शे?’ आता मात्र मला गंमत वाटायला लागली, आणि मीही उत्तरात कंबरेची दोन वाक्यं घातली. आमचा पोस्टमन सगळी कार्डं वाचायचा. फाटकातूनच ओरडायचा, ‘‘वहिनी, आज पिवळी आली!’’ त्या पिवळीच्या खाली लिहिलं होतं, ‘आठे माले कोनी बोलाले नई.’ इथं मला बोलायला कुणी नाही… मी ते कार्ड कितीदा वाचलं असेल. आणि त्याला उत्तर काय दिलं? ‘पिवळी पोचली. उरलेल्या दोन त्वरित कळवाव्यात.’ आज तेव्हाची ती बाई समोर आली तर मी तिला कणकेचा गोळा फेकून मारीन. तिला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. तिला लिहिता येत नव्हतं, बी.ए. असून.

चौथं कार्ड आलं त्यावर फक्त ‘हिरवी’ होतं. खाली काही नाही. आणि पाचवं आलंच नाही. एक आठवडा, दोन, तीन. पोस्टमनसुद्धा चौकशी करू लागला. शेवटी मी चारही कार्डं घेऊन रफिकभाईंकडं गेले. त्यांनी ती ओळीनं लावून पाहिली आणि खूश झाले. ‘‘अरे, मग झालं की! लाल-काळी कळली, आता जळायची भीती नाही. पाचवी मी एकेक भोक बघून आत्ता शोधून देतो. बसा दोन मिनिटं.’’ त्यांनी हत्यार हातात घेतलं आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘नको!’’ …ते बघतच राहिले. दोन मिनिटांत माझं काम होणार होतं, आणि मग धुळ्याला लिहायचं काहीच उरणार नव्हतं. मी म्हटलं, ‘‘म्हणजे… तुम्हाला उगाच त्रास.’’ रफिकभाईंनी हत्यार खाली ठेवलं आणि मशीन माझ्या पिशवीत भरून दिलं. ‘‘धुळ्याची गाडी अकराला आहे, भाभी.’’

टॉवेलात गुंडाळलेलं मशीन मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. वाटभर मी बोलायची वाक्यं जुळवत होते. अक्कानं दार उघडलं. हात पिठाचे. ‘‘उनी का वं माय?’’ एवढंच म्हणाली, जशी मी सकाळी बाजारात जाऊन परत आले होते. माझी सगळी वाक्यं जिन्यातच राहिली. मी आत पाऊल टाकलं आणि भांडायलाच लागले, ‘‘अक्का, पाचवी वायर का नाही कळवली?’’ तिनं हात धुतले, पुसले, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक पान उलटून दाखवलं. मागं नऊ ठिपके, पाचही रंग नीट मांडलेले. टॉर्चचा बल्ब, सेल आणि दोन तारांचे तुकडे घेऊन तिनं माझं पहिलं पत्र आलं त्याच दुपारी पाचही वायरी शोधल्या होत्या. दुकानात मोटारी तपासतात तशा. ‘‘एकाच कार्डात धाडलं असतं तर तू दुसरं कार्ड लिहिलं असतंस का? आणि पाचवी धाडली असती तर तू आली असतीस का?’’ मी खाली बसले. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं तर म्हणाली, ‘‘रडू नको वं, मशीन भिजेल. टीव्हीला लाव.’’

त्या दुपारी आम्ही चार वाजेपर्यंत किल्ला राखला. निघताना मी मशीन तिथंच ठेवलं. तिनं दोनातला एक रिमोट माझ्या पिशवीत टाकला. ‘‘हा तुझ्याकडं राहू दे. तू आल्याशिवाय दोघींचा गेम होणार नाही.’’ नानांच्या वाटणीनं आम्हाला तोडलं होतं. ही तिची वाटणी. महिन्यातून एकदा मी तो रिमोट घेऊन एस.टी.नं धुळ्याला जायची, मशीनचा अ‍ॅडॅप्टर जळेपर्यंत, आणि त्यानंतर नुसतीच. आता माझी नात हसते. तिचे रिमोट बिनवायरीचे, आणि खोक्यावरच छापलेलं असतं काय कशाला चालतं ते. एवढं सोपं झाल्यावर माणसं एकमेकांना काय लिहीत असतील, हे मला खरंच कळत नाही.

फोन आले, मोबाइल आले, पण अक्कानं आपली पद्धत सोडली नाही. फोनवर ती कधीच गोष्ट पुरी सांगायची नाही. गेल्या चैत्रातल्या फोनवर म्हणाली, त्यांच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर रोज सकाळी छत्री उघडून गच्चीवर अर्धा तास उभे राहतात, ऊन नसताना. ‘‘का, माहीत शे का तुला?’’ मी म्हटलं, ‘‘का?’’ ‘‘ये. मग सांगते.’’ मी म्हटलं, आखाजीला येते, अक्षय्य तृतीयेला. आखाजीच्या आधीच ती गेली.

तेराव्याला मी स्वयंपाकघरात तिच्या सुनेबरोबर कप विसळत होते. खिडकीतून समोरची गच्ची दिसत होती. सून हळूच म्हणाली, ‘‘काकू, त्या छत्रीवाल्या मास्तरांचं अक्का तुम्हाला सांगणार होत्या ना? मला ठाऊक आहे. सांगू?’’ माझा जीव किती कुतूहली हे मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. तोंडाशी आलं होतं, सांग. मी कप पालथा घातला आणि म्हटलं, ‘‘आज नको. पुढच्या महिन्यात येते, तेव्हा सांग.’’ ती हसली. ‘‘या. पण मी लगेच सगळं सांगणार नाही हं.’’

परतीच्या गाडीत पारोळा येईपर्यंत मी चार कारणं शोधून काढली. चारही चुकीची असणार.