शेवटच्या किल्ल्याच्या दारात

मीरा रोड स्टेशनजवळच्या त्या रिपेअरवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. लहानपणी दादा आणि मी खेळायचो त्या व्हिडिओ गेमची कॅसेट मी त्याच्याकडे नेली होती. खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवणारी आतली बॅटरी संपत आली होती, आणि ती काढली की दोन सुट्ट्या खपून वाढवलेला आमचा योद्धा पुसला जाणार होता.

त्याने पंखा बंद केला, स्क्रू ओठांत धरला. आधी नवी बॅटरी वायरीने जोडली, मगच जुनी सोडवली. मग कॅसेट त्याच्याकडच्या गेममध्ये घातली. टीव्ही लागला. योद्धा शेवटच्या किल्ल्याच्या दारात तसाच होता.

"इतकी वर्षं बिचाऱ्याला दारातच उभं केलंय?"

"दादासोबत आत जायचं ठरलं होतं. आता आमचं बोलणं बंद आहे."

त्याने काउंटरवरचा फोन माझ्याकडे सरकवला. नंबर मला अजून पाठ होता, याचाच राग आला.