आत्याबाईंच्या खोलीतल्या गांधीलमाश्या

सासूबाईंना लकवा झाला त्याच उन्हाळ्यात आमच्या दौंडच्या क्वार्टरात गांधीलमाश्या शिरायला लागल्या. आधी एखादीदुसरी यायची. आढ्याशी घुमत राहायची, मग दारातून निघून जायची. मी लक्षही देत नसे. पण ऊन तापलं तशा त्या वाढल्या, आणि वैशाखात असा एक दिवस गेला नाही की खोलीत चार-दोन माश्या नाहीत.

माझे यजमान रेल्वेत फायरमन होते. इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायचं काम. आज मनमाडला गेले की उद्या परत, परवा सोलापूर. घरी असले तर निम्मा वेळ झोपेतच. माझं माहेर न्हावऱ्याचं, सासर केंदूरचं. सासरे लवकर गेले होते. मुलाला नोकरी लागली तशा सासूबाई केंदूर सोडून त्याच्याबरोबर दौंडला आल्या, आणि वर्षभरानं लग्न होऊन मी आले. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. आवाज असा की नळावरून हाक मारली तर चाळीच्या टोकाला चुलीपुढं बसलेली बाई ओ द्यायची. माझ्यावर ओरडायच्या, पण जेवायला बसलो की माझ्या ताटातली भाकरी संपली का हे त्यांना माझ्याआधी कळायचं.

एका सकाळी नळावर हंडा उचलताना त्या मटकन खाली बसल्या. हंडा कलंडला, पाणी त्यांच्या लुगड्याखालून वाहत गेलं, तरी त्या उठेनात. चौघींनी उचलून घरी आणलं. उजवं अंग पार गेलं होतं. वाचाही गेली. एकच शब्द तोंडात राहिला, "व्हय." पाणी देऊ का म्हटलं तरी व्हय, पाठ दुखते का म्हटलं तरी व्हय, पडदा ओढू का म्हटलं तरी व्हय. कधी डोळ्यांत राग दिसायचा आणि तोंडातून तेवढंच यायचं. त्यांना दुसरं काहीतरी म्हणायचं आहे हे मला समजायचं. काय म्हणायचं आहे हे शेवटपर्यंत समजलं नाही.

क्वार्टर म्हणजे एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि पुढं ओटा. दगडी भिंती, वर कौलं. खाट मावेल अशी जागा पुढच्या खोलीतच होती. स्वयंपाकघरात चुलीचा धूर कोंडायचा, आणि ओट्यावर ठेवावं तर उन्हाची झळ आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर. म्हणून त्यांची खाट खोलीत भिंतीला लावली होती.

त्यांना गिळायला त्रास व्हायचा. भाकरी कुस्करून दिली तर ठसका लागायचा. तांदळाची पातळ पेज चालायची, पण अळणी पेज त्या जिभेनं बाहेर ढकलून द्यायच्या. गूळ घातला की मात्र घोट घोट घ्यायच्या, डोळे मिटून. तोंडाची उजवी बाजू लुळी पडल्यामुळं पेज ओठाच्या कोपऱ्यातून गळायची. मी पदरानं टिपायची. पण कितीही टिपलं तरी गोडाचा वास राहायचाच, आणि त्या वासावर माश्या यायच्या.

पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा माशी त्यांच्या हनुवटीवर बसली होती. पिवळी-तांबडी, पाय लोंबणारी. हळूहळू ओठाकडं सरकत होती. आत्याबाईंचा डावा हात चालत होता, पण त्या बाजूला मान वळेना आणि हात नेमका पोचेना. त्या नुसत्या माझ्याकडं बघत होत्या. फडक्यानं मारावं तर ती चावेल, म्हणून मी फुंकर घातली. माशी उडाली, आढ्याला एक गिरकी घेऊन पुन्हा तिथंच आली.

शेजारी एका ड्रायव्हरांचं मुसलमान कुटुंब राहायचं. त्या घरच्या बाईंना सगळी चाळ भाभी म्हणायची. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "गूळ बंद कर गं. गोडावर येत्यात त्या."

"गूळ बंद केला तर त्या काही खात न्हाईत भाभी."

 भाभी म्हणाल्या, "मग काय करशील?"

मी दोन दिवस मीठ घालून पेज दिली. दोन्ही दिवस त्यांनी ती बाहेर काढली. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गूळ घातला, आणि एका हातात चमचा, एका हातात सुपाचा तुकडा घेऊन बसले.

धूर करून पाहिला. घमेल्यात शेणी पेटवून वर कडुलिंबाचा ओला पाला घातला आणि दार लावून घेतलं. माश्या कौलांतून बाहेर गेल्या हे खरं, पण आत्याबाईंना खोकल्याची उबळ आली. त्यांना कुशीवर वळता येत नव्हतं. चेहरा काळानिळा झाला. मी घमेलं उचलून बाहेर फेकलं आणि त्यांना उठवून छातीशी धरून बसले. धूर विरला तशा माश्या परत आल्या. नंतर मी सगळ्या फटींत चिंध्या कोंबल्या. खिडकी लावून घेतली तर खोली भट्टीसारखी तापली, आणि माश्या तरीही होत्याच.

यजमानांनी कचेरीत जाऊन सांगितलं तेव्हा एक म्हातारे गवंडी आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणत होतो. त्यांनी फुटकी कौलं बदलली, वळचणीच्या फटी चुन्यानं लिंपल्या. जाताना म्हणाले, "आता न्हाई यायच्या." दुसऱ्या दिवशी लिंपलेल्या चुन्याशेजारच्या बारीक भेगेतून एक माशी आधी डोकं, मग पंख असं करत बाहेर आली. मी खाली उभी राहून बघत होते. मला रडूसुद्धा आलं नाही. मी खाटेच्या पायाशी बसले.

यजमान कामावरून यायचे तेव्हा पापण्यांच्या कडांना कोळशाची काजळी असायची. तसेच आईच्या खाटेपाशी बसायचे आणि म्हणायचे, "आई, आज चावली न्हाई ना?" त्या म्हणायच्या, "व्हय." मग ते माझ्याकडं बघायचे. मी मान हलवून न्हाई म्हणायची. त्या घरात त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर देणारी मीच उरले होते. मी दळणाला गेले, पाण्याला गेले की मागं काय झालं ते मलाही माहीत नसायचं.

मग भाभींनी मच्छरदाणी आणून दिली. त्यांच्या लग्नात आलेली, ट्रंकेत घडी घालून ठेवलेली, पांढरी, कडेला निळी पट्टी. "सासूच्या खाटेला बांध," म्हणाल्या. "आम्ही काय, उघड्यावर झोपणारी माणसं." यजमानांनी चार कोपऱ्यांना बांबू बांधून ती ताणून लावली. गादीखाली कडा खोचल्या. आत्याबाईंना ती आवडली नाही. डाव्या हातानं कापड ढकलत राहिल्या. पण माश्या बाहेर घिरट्या घालत होत्या आणि त्या आत होत्या. त्या दिवसांत पहिल्यांदा मी भाकरी सावकाश खाल्ली.

असे थोडे दिवस बरे गेले. मी पेज देताना कड उचलायची, आत हात घालून भरवायची, तोंड ओल्या फडक्यानं पुसायची आणि कड पुन्हा खोचायची. त्या दुपारीही मी तसंच केलं. नीट पाहूनच खोचली. नंतर यजमानांनी आणि मीही ती जाळी उजेडात धरून तपासली. डोक्याकडच्या शिवणीला टाके उसवून एक भोक पडलं होतं, बोट जाईल एवढं. कापड जुनं होतं. कुणाला काय म्हणणार.

मी स्वयंपाकघरात डाळ निवडत होते. बाहेर यार्डात शंटिंग चाललं होतं, डबे एकमेकांवर आदळत होते, इंजिनाची वाफ सुटत होती. आत्याबाईंना ओरडता येत नव्हतंच. सूप ठेवून मी सहज खोलीत डोकावले, तर मच्छरदाणीचा एक कोपरा खाली ओढला गेला होता आणि त्यांची डावी मूठ कापडात आवळलेली होती. जाळीच्या आत दोन माश्या होत्या. एक कापडावर वर-खाली करत होती, एक त्यांच्या तोंडावर होती.

मी जाळी ओरबाडून काढली. भाभींना हाक मारली. त्या धावत आल्या, कांदा फोडला, चुना लावला, लोखंडी किल्ली घासली. आत्याबाईंचा डावा डोळा मिटला होता. वरचा ओठ सुजून नाकाला टेकला होता. जिभेवरही चावा होता, ते रेल्वेच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्यांनी सुई दिली आणि म्हणाले, "जीव वाचलाय. सूज उतरेल."

सूज उतरली. पण त्या दिवसापासून आत्याबाईंनी तोंड उघडलं नाही. चमचा ओठाला लावला की ओठ घट्ट मिटायच्या. गुळाची पेज, दूध, साखरेचं पाणी, काहीच नको. "व्हय" म्हणायच्या तेही बंद झालं. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आत्याबाई, माशी न्हाई आता. मी इथंच बसलेय. एवढा एक घोट घ्या." त्यांनी चांगला डोळा माझ्याकडं वळवला आणि नंतर भिंतीकडं.

माश्या चावल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी यजमान कामावरून आले. त्यांनी आईचं तोंड बघितलं आणि अंगावरचे कपडेही न बदलता शिडी लावून कौलांवर चढले. भर दुपार होती. मी खालून म्हणत होते, "उतरा, तापलंय वर." ते ऐकेनात. कौलं उचलून बाजूला रचत गेले. भिंतीचा माथा उघडा पडला तेव्हा दिसलं की पोळं छपरात नव्हतंच. आमच्या आणि भाभींच्या घराच्या मधल्या जाड दगडी भिंतीत मातीची भर ढासळून पोकळी झाली होती, आणि माश्या तिथून निघत होत्या. पोळं किती खोल होतं ते दिसत नव्हतं. त्यांनी रॉकेलचा डबा मागितला, मी वर दिला. त्यांनी फटीत रॉकेल ओतलं. घटकाभरानं शेजारून आरडाओरडा झाला. भाभी नातवंडाला पदरात गुंडाळून अंगणात पळत आल्या होत्या.

"बस करा भाऊ! सगळ्या आमच्या घरात उतरल्या!"

यजमान वरच बसून राहिले. मानेवर, हातावर चावे उठले होते. म्हणाले, "भाभी, मग मी काय करू? सांगा ना, काय करू?"

 चाळीतली माणसं खाली जमून वर बघत होती. मग यजमानांनी कौलं परत बसवायला घेतली, एक एक.

आत्याबाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. गेल्या तेव्हा उजाडलं होतं आणि यजमान घरीच होते, एवढं बरं झालं. अंगणात आंघोळ घालताना पाण्यावर माश्या आल्या. एक बाई पदरानं हाकलू लागली. माझा हातही सवयीनं वर गेला, आणि मग मी तो खाली घेतला.

केंदूरहून भावकी आली. चुलत सासूबाईंनी विचारलं, "कशा गेल्या गं जाऊबाई? बोलल्या काय शेवटाला?"

यजमान दारातूनच म्हणाले, "झोपंत गेली. काय त्रास न्हाई झाला."

"पुण्यवान बाई," म्हातारी म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या.  सुजलेल्या डोळ्याचा डाग आत्याबाईंच्या गालावर होता आणि सगळ्यांनी तो पाहिला होता, पण कुणी विचारलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर यजमानांनी एकदाच विषय काढला. जेवता जेवता हात थांबवून म्हणाले, "तुला काही ऐकू आलं न्हाई का गं?"

"न्हाई. इंजिन चाललं होतं."

"व्हय, इंजिन चाललं असंल," ते म्हणाले. इंजिन त्यांच्याच शेडमधलं, त्यांच्यासारखाच कुणीतरी त्यावर कोळसा टाकत असणार. ताट तसंच ठेवून ते उठले. 

थंडीत माश्या कमी झाल्या, मला वाटलं मेल्या. होळीनंतर पुन्हा आल्या. तेव्हा मला दिवस गेले होते. यजमान गवंडी बोलावू म्हणाले नाहीत, मीही म्हटलं नाही. आम्ही खाट उचलून ओट्यावर नेली, भांडी आणि कपड्यांची ट्रंक स्वयंपाकघरात ओढली, आणि खोलीची दोन्ही दारं लावून घेतली. येणं-जाणं मागच्या दारानं सुरू केलं. मुलगी झाली ती स्वयंपाकघरातच वाढली, धुरात खोकत. रांगायला लागली तेव्हा त्या बंद दारापर्यंत जायची आणि फटीला कान लावून बसायची, कारण आतून घूं घूं आवाज यायचा. मी तिला उचलून आणायची. ती परत जायची. बदलीचा हुकूम आला तोवर आम्ही तिथं तसेच राहिलो. भाडं पूर्ण क्वार्टरचं भरत होतो.